आधी पाणी, मग पक्षी: नांदूर मध्यमेश्वरला वर्षानुवर्षं पक्षी मोजायचे तर

दर जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातल्या चापडगावच्या पक्षी-निरीक्षण मनोऱ्यावर कुणी ना कुणी मला तोच प्रश्न विचारतं, "काका, यंदा पक्षी कमी झालेत ना?" विचारणाऱ्याच्या सुरातच उत्तर असतं. पूर्वी मीही मान डोलवून मोकळा व्हायचो. आता वही उघडतो. गेल्या वर्षी याच पंधरवड्यात पाणी कुठवर होतं, जलपर्णी किती पसरली होती, धुकं किती वाजता उठलं आणि मी किती वेळ उभा होतो, एवढं बघितल्याशिवाय "कमी" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं स्वतःला बजावून ठेवलं आहे.

पन्नास-साठ पक्षी ओळखता येतात आणि आता एकाच पाणथळीची नोंद पाच, दहा, वीस वर्षं ठेवावी असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण नांदूर मध्यमेश्वरचं आहे, पण जायकवाडी, उजनी, हतनूर अशा धरणाच्या कुठल्याही फुगवट्याला थोड्या फेरफारानं लागू पडेल. दुर्मिळ पक्षी शोधण्याच्या युक्त्या मात्र इथे नाहीत.

समुद्राविना त्रिभुज प्रदेश

गोदावरीचा खरा त्रिभुज प्रदेश आंध्रात. धवळेश्वरमच्या खाली नदी गौतमी आणि वसिष्ठ अशा दोन मोठ्या फाट्यांत विभागते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. कोरिंगाची खारफुटी तिथलीच. पण गाळ टाकायला नदीला समुद्रच लागतो असं नाही. वेग मोडला की ती ओझं खाली ठेवते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा घातला गेला. तेव्हापासून दोन्ही नद्यांचा गाळ फुगवट्यात बसत आला. त्यातून बेटं झाली, उथळ पाणपसारे झाले, पाणकणसाची रानं माजली, मधूनच चिखलाचे पट्टे उघडे पडू लागले. धरणाच्या शेपटाकडे तयार झालेला हा छोटेखानी त्रिभुज प्रदेशच म्हणायचा. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे घटलेला साठा. बदकांच्या हिशेबात ताट वाढून ठेवलेलं. १९८६ साली हे अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं.

हे प्रास्ताविक सांगण्याचं कारण आहे. अशा जागी पक्ष्यांचा आकडा सगळ्यात आधी पाण्याच्या खोलीवर ठरतो. छोटा टिलवा बोटभर पाण्याच्या कडेनं चिखल टोचत फिरतो. शेकाट्या लांब टांगांच्या जोरावर त्याच्या पुढे वीतभर आत शिरतो. थापट्या, तलवार बदक, भिवई बदक यांना फूटभर किंवा त्याहून कमी पाणी सोयीचं, कारण ती बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून मान खाली घालतात. चमचा आणि चित्रबलाक गुडघाभर पाण्यात चालत मासे धुंडाळतात. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारणारी, त्यांना खोली हवी. आता कल्पना करा, वर गंगापूर, दारणा किंवा पालखेडमधून पाणी सुटलं आणि फुगवटा फूटभर चढला. चिखलाचा पट्टा गेला, टिलवे आणि तुतवार गेले. पक्षी मेले नाहीत, कुणी मारलेही नाहीत. चार कोसांवर दुसऱ्या तळ्याच्या काठी असतील. पुढच्या आठवड्यात कालव्यांना आवर्तन सुटलं, पाणी उतरलं, की त्यातले बरेचसे परत.

त्या वेळी मोजणी केलेल्या माणसाच्या वहीत पाण्याची नोंद नसेल, तर वीस वर्षांनी ती वही वाचणारा हमखास चुकीची गोष्ट सांगणार.

आधी जागा बांधा

पहिल्या वर्षी उत्साहात आपण सगळीकडे फिरतो. फिरा, हरकत नाही, पण तो हिवाळा टेहळणीत गेला असं समजा. मोजणीसाठी पाच-सहा ठिकाणं कायमची ठरवा. चापडगावचा मनोरा आणि त्याखालची काठाची वाट, खाणगाव थडीजवळ बंधाऱ्याचा भाग, मांजरगावच्या बाजूचं उघडं पाणी, असे वेगवेगळ्या जातीचे तुकडे निवडा. सगळी ठिकाणं पक्ष्यांनी गजबजलेलीच निवडली तर पुढे घोळ होतो. गजबजलेली जागा काही वर्षांनी ओस पडू शकते, आणि ओस जागा भरू शकते. दोन्ही पकडायची तर एक-दोन बिंदू आज अगदी कंटाळवाणे वाटणारे असलेच पाहिजेत. माझ्या यादीतला एक बिंदू इतका नीरस होता की सोबतचे लोक तिथे चहाचा थर्मास उघडायचे.

प्रत्येक बिंदूवर तीन गोष्टी करा. फोनवर अक्षांश-रेखांश घेऊन ते कागदावर उतरवा, कारण फोन बदलतात. तिथून डावी आणि उजवी हद्द ठरवा: "डावीकडे एकटं बाभळीचं झाड, उजवीकडे पंपाची खोली, समोर पाणकणसाच्या कडेपर्यंत". आणि उभं राहून डावीकडून उजवीकडे चार-पाच फोटो काढा. हे फोटो दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या फेरीत पुन्हा काढायचे. बाभूळ तुटेल, खोली पडेल, पण फोटो एकावर एक ठेवले की हद्द सापडते. जलपर्णीचा पसारा आणि गाळाचं पुढे सरकणंही त्यातच दिसतं.

उन्हाचा विचार करा. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे बघायचं पाणी तुमच्या पश्चिमेला. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी आणि सगळे बगळे करडे. ज्या बिंदूवर हे जमत नाही तो संध्याकाळच्या फेरीत टाका आणि मग कायम संध्याकाळीच करा.

तारखा आणि धुकं

ऑक्टोबर ते मार्च दर पंधरवड्याला एक फेरी, बाकीचे महिने महिन्यातून एक. याहून जास्त ठरवलंत तर दुसऱ्या वर्षीच गळाल. नोकरी, लग्नसराई, घरातली आजारपणं हे सगळं धरूनच वेळापत्रक आखायचं. दर आठवड्याच्या धडाक्यानं दोन वर्षांत संपलेल्या वह्या मी बऱ्याच पाहिल्यात, त्यातली एक माझीच आहे.

आपल्या पंधरवड्यांपैकी एक फेरी जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला जोडून घ्या. १९८७ पासून भारतीय उपखंडात ती चालू आहे. तुमचा आकडा त्यात गेला की मध्य आशियाई उड्डाणमार्गावरच्या इतर पाणथळींशेजारी तो ठेवता येतो. मात्र जानेवारीची एकच मोजणी म्हणजे लग्नातला एक फोटो. कोण आलं होतं ते कळतं. कोण लवकर येऊन गेलं, कोण उशिरा पोचलं, ते नाही. भिवई बदकं पाऊस सरायच्या आतच डोकवायला लागतात, आणि ती जानेवारीच्या फोटोत सापडतीलच असं नाही.

उन्हाळा आणि पावसाळा टाळू नका. पावसाळ्यात मनोऱ्यावर चिटपाखरू नसतं, पण कमळपक्षी तेव्हाच लांब शेपटीच्या ऐटीत येतो, तरंगत्या पानांवर घरटं करतो आणि अंडी उबवण्याचं काम नराच्या गळ्यात पडतं. जांभळ्या पाणकोंबड्या, अडई, टिबुकल्या, हळदी-कुंकू बदकं यांची पिल्लं याच दिवसांत दिसतात. हिवाळी पाहुण्यांचे आकडे ठेवणारे पुष्कळ. घरच्या माणसांची नोंद कुणी ठेवत नाही.

वेळ: सूर्योदयानंतर पहिले दोन-अडीच तास. निफाडची थंडी महाराष्ट्राच्या बातम्यांत दर वर्षी झळकते, आणि तिच्यासोबत धुकंही येतं. धुक्यात मोजू नका. ते उठेपर्यंत थांबा आणि उठल्याची वेळ लिहा. "सातला पोचलो" आणि "सातला दिसायला लागलं" यांत तासाभराचं अंतर असू शकतं.

सामान, थोडक्यात

दुर्बीण ८ बाय ४२ पुरे. १० बाय ४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो पण हात थरथरला की तोही थरथरतो. दूरच्या बदकांसाठी तिपाईवरचा स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, लागतोच. स्वतःचा नसेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या. मनोऱ्यावर लोक चढ-उतर करतात तेव्हा लाकूड हलतं, तेवढा वेळ स्कोपला डोळा लावू नका. हातातला आकडेमोडीचा क्लिकर घ्या. आणि पेन्सिल. एका सप्टेंबरात जेल पेननं लिहिलेली अख्खी सकाळ माझ्या पिशवीत निळं पाणी होऊन बसली होती, तेव्हापासून पेन घरी.

स्कोपबद्दल एक इशारा. मी स्कोप घेतला त्या हिवाळ्यात माझ्या वहीत तलवार बदकं एकदम वाढली. नवीन बदकं आली नव्हती. आधी जे "दूर काहीतरी तरंगतंय" होतं त्याला नाव मिळालं होतं. म्हणून अवजार बदललं की वहीत ठळक लिहा, आणि पहिला हंगामभर प्रत्येक बिंदूवर आधी जुन्या अवजारानं, मग नव्यानं, असं दोनदा मोजा. कंटाळवाणं आहे, पण जुने आणि नवे आकडे एकमेकांशी बोलायला दुसरा मार्ग नाही.

मोजायचं कसं

खरा घाम इथे निघतो.

नवशिक्याचा पहिला शत्रू वारकरी. काळाभोर अंग आणि कपाळाला पांढरा टिळा, म्हणून हे नाव. हिवाळ्यात त्यांचे थवे पाण्यावर चटईसारखे पसरतात, सतत सरकतात, निम्मे पाण्याखाली जाऊन दुसरीकडे निघतात. एकेक करून मोजायला गेलात तर दोनशेच्या आसपास गाडी चुकते आणि पुन्हा एकपासून.

त्यावर घरी करायचा सराव आहे. ताटात मूठभर ज्वारी पसरा. तीन सेकंद बघा, ताट झाका, अंदाज कागदावर लिहा. मग दाणे मोजा. सुरुवातीला तुमचा अंदाज बहुतेक वेळा कमी निघेल; मोठ्या थव्यांबाबत माणसाचा डोळा कंजूष असतो. पंधरा दिवस रोज पाच वेळा हे केलं की आपण किती कंजूष आहोत ते कळतं. ज्वारी आणि तांदूळ मिसळून तांदळाचं प्रमाण सांगायचा सराव पुढचा. मिश्र थव्यात थापट्या किती आणि तलवार बदकं किती, हे ठरवायला तोच कामी येतो. घरचे हसतात. माझ्याकडे तर ते ताट आता "बदकांचं ताट" म्हणूनच ओळखलं जातं.

प्रत्यक्ष थव्यावर असं करा. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी नीट मोजा आणि त्या दहांनी दुर्बिणीत व्यापलेली जागा डोळ्यात बसवा. मग तसे पाच तुकडे मिळून पन्नास कसे दिसतात ते बघा. आता पन्नासाचा तो साचा थव्यावरून डावीकडून उजवीकडे सरकवत जा आणि दर साच्याला एक क्लिक. थवा सगळीकडे सारखा दाट नसतो. मध्ये दाट, कडांना विरळ. त्यामुळे साचा एकाच भागातून न घेता मध्ये आणि कडेला अशा दोन्ही ठिकाणी घेऊन बघा. उजवीकडून डावीकडे परत एकदा मोजा. दोन आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असेल तर सरासरी घ्या. त्याहून मोठा असेल तर तिसऱ्यांदा. आणि वहीत "मोजून" की "ढोबळ" हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा. ढोबळ आकड्याला ४१३ असं नटवू नका, ४०० लिहा.

कुणाला आधी मोजायचं याचाही क्रम आहे. बिंदूवर पोचल्याबरोबर जे उडून जातील ते आधी: काठाचे तुतवार, पाणलावे, चिखलावरचे ब्लॅक-टेल्ड गॉडविट. मग मोठे, स्थिर पक्षी: बगळे, बलाक, चमचे. मग बदकांचे थवे. शेवटी वेतात-पाणकणसात लपणारे. टिबुकल्या बुडत-निघत राहतात, त्यांना पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा घ्या.

मग कधीतरी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी येतो. पाणकणसावरून खालून तरंगत आला की आधी शेकाट्या ओरडतात, मग सगळं पाणी एका झटक्यात आकाशात. पाहायला याहून सुंदर काही नाही, मोजायला याहून वाईट काही नाही. अशा वेळी झालेलं अर्धं मोजणं पुढे रेटू नका. उडालेला थवा मोजायला वेळ मिळाला तर मोजा, नाहीतर सगळं बसू द्या, दहा मिनिटं जाऊ द्या, आणि त्या बिंदूची मोजणी मुळापासून करा. भोवत्याची वेळ लिहा.

ओळख न पटलेले पक्षी "ओळख न पटलेली बदके, अंदाजे ८०" असेच लिहायचे. ऑक्टोबरात हा रकाना मोठा असतो, कारण नुकत्याच आलेल्या नर बदकांवर अजून पूर्ण रंग चढलेला नसतो आणि ते मादीसारखेच दिसतात. जानेवारीत तोच रकाना आपोआप आटतो. संकोचानं त्यांना कुठल्यातरी नावाखाली ढकललंत तर पुढे कुणालाच चूक शोधता येणार नाही.

वहीत काय

एका बिंदूची नोंद कशी असावी, हा नमुना:

"१२ जानेवारी. चापडगाव मनोरा. ७:२५ ते ८:१०. एकटा. दुर्बीण व स्कोप. धुकं ७:२० ला उठलं, वारा नाही. पाणी: खुणेचा दगड अर्धा बुडालेला. जलपर्णी: डावा कोपरा भरलेला. होड्या २, एक जाळं ओढताना. वारकरी ४००, ढोबळ. थापट्या ६५, मोजून. तलवार बदक ०. चमचा ११, मोजून. ओळख न पटलेली बदके ८०, दूर. ७:४२ ला भोवत्या. डावीकडचं रद्द, पुन्हा मोजलं."

यातलं "तलवार बदक ०" वाचून लोक थांबतात. नसलेला पक्षी कशाला लिहायचा? कारण रिकामी जागा दोन अर्थांची असते: पक्षी नव्हता, किंवा तुम्ही बघितलंच नाही. म्हणून पंचवीसेक जातींची कायमची यादी छापून घ्या, आणि त्यातल्या प्रत्येकीपुढे दर फेरीला आकडा पडलाच पाहिजे, शून्य असलं तरी. यादीबाहेरचे पक्षी खाली वेगळे.

पाणी मोजण्यासाठी महागडं काही लागत नाही. पाण्याजवळची एक न हलणारी खूण शोधा: दगड, खांब, घाटाची पायरी. नदीपात्रातल्या मध्यमेश्वराच्या महादेवावरून या जागेला नाव पडलं. अशा जुन्या दगडी बांधकामाच्या पायऱ्यांइतकी टिकाऊ पट्टी दुसरी नाही. "वरून पाचवी पायरी ओली" एवढंही पुरतं. शेजारी चिखलाचा पट्टा उघडा, अर्धा की बुडालेला, हे लिहा. पावसाळ्यात नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे किती क्युसेक विसर्ग चालू आहे याचे आकडे वर्तमानपत्रांत रोज येतात. फेरीच्या दिवसाचा आकडा कापून चिकटवा. मराठवाड्याला पाणी किती मिळालं म्हणून लोक तो वाचतात, आपण टिलव्यांसाठी वाचायचा. उन्हाळ्यात पाणी उतरून गाळपेर सुरू झाली असेल, औतं चालली असतील, मेंढ्या बसल्या असतील, तर तेही.

आणि काठावरच्या माणसांशी बोला. जाळं टाकणाऱ्या एका भाऊंनी मला एकदा सहज सांगितलं, "रात्री बदकं इथं नसत्यात, गव्हात जात्यात." तोवर माझ्या डोक्यातच नव्हतं की सकाळी पाण्यावर बसलेले थवे म्हणजे रात्रपाळी करून विश्रांतीला आलेले. त्यानंतर मी आसपासच्या रानात काय उभं आहे, गहू, हरभरा की ऊस, याचीही हंगामात एकदा नोंद ठेवायला लागलो.

कडी, पट्टी आणि गळपट्टा

कधीतरी पायात रंगीत पट्टी किंवा मानेभोवती आकड्यांचा गळपट्टा घातलेला पक्षी दिसेल. पट्टकादंब हंसांना मंगोलियात संशोधकांनी असे गळपट्टे घातले आहेत, आणि हिमालय ओलांडून येणाऱ्या या हंसांवर नजर ठेवण्याचं काम आपल्याकडच्या तळ्यांवर होतं. गळपट्ट्याचा रंग, अक्षरं आणि आकडे वरून खाली की खालून वर, पट्टी डाव्या पायात की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, एकाहून जास्त रंग असतील तर त्यांचा क्रम: सगळं जागेवर लिहा, आठवणीवर सोडू नका. धूसर आला तरी फोटो घ्या. मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. भारतात कडी घालण्याचं काम ती संस्था दीर्घकाळ करत आली आहे. वाचता न आलेला आकडा मात्र अंदाजानं भरू नका.

नोंद सुरक्षित ठेवणं

घरी आल्यावर त्याच दिवशी वहीच्या पानांचे फोटो काढा आणि आकडे संगणकावर चढवा. "रविवारी बसून करू" म्हटलेलं होत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत असाल तर पाच बिंदूंची एकच यादी करू नका, प्रत्येक बिंदूची स्वतंत्र यादी करा, उभं राहून केलेली म्हणून नोंदवा, आणि दिसलेला प्रत्येक ओळखीचा पक्षी आला असेल तरच "संपूर्ण यादी" म्हणा. आकड्याच्या जागी नुसती फुली टाकली तर दहा वर्षांनी त्या फुलीचं काहीच करता येत नाही. पाण्याची नोंद टिप्पणीच्या जागेत घाला. तिथे तिच्यासाठी वेगळा रकाना नाही, म्हणूनच कागदी वही अजूनही लागते.

नावांचाही प्रश्न आहे. मराठी नावं गोड, पण गावागणिक वेगळी. वारकऱ्याला कुठे 'चांदवा' असंही म्हणतात. आणि इंग्रजी व शास्त्रीय नावं स्थिर आहेत असं समजू नका. आपली जांभळी पाणकोंबडी जुन्या वह्यांत पॉर्फिरिओ पॉर्फिरिओ, आताच्या याद्यांत पॉर्फिरिओ पोलिओसेफॅलस. लेसर सँड प्लोव्हर ही एकच जात धरायचे, तिच्या अलीकडे दोन जाती झाल्या. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तुमची पंचवीस मराठी नावं, त्यांपुढे शास्त्रीय नावं, आणि ती कुठल्या वर्षीच्या यादीतली, हे लिहून ठेवा.

आकडे वाचताना

पहिली तीन वर्षं काहीही निष्कर्ष काढू नका. एक दुष्काळी वर्ष, एक पुराचं, एक मधलं, एवढ्यात कल दिसत नाही, फक्त हवामान दिसतं. पाच-सहा हिवाळे झाले की प्रत्येक जातीचे हंगामातले आकडे चढत्या क्रमानं मांडा आणि मधला घ्या. सगळ्यात मोठा आकडा मोहात पाडतो, पण तो एखाद्या सकाळचा योगायोग असतो. मग वर्षं पाण्यानुसार वेगळी लावा: खुणेचा दगड उघडा असलेल्या फेऱ्या एकीकडे, बुडालेल्या दुसरीकडे. उघड्या दगडाच्या फेऱ्यांत टिलवे टिकून असतील आणि एकूण आकडा घटलेला असेल, तर तुमच्याकडे प्रश्न पक्ष्यांचा नाही, पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाचा आहे. उलट, पाणी सारखं असूनही घट असेल तर मग चिंता खरी.

"पहिलं आगमन" या तारखेवर फार विश्वास ठेवू नका. सप्टेंबरात फेऱ्या वाढवल्यात की पक्षी आपोआप "लवकर" येतात.

पाणथळ रामसर ठरण्याच्या निकषांत एक आहे नियमितपणे २०,००० किंवा जास्त पाणपक्षी, आणि दुसरा एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या संख्येचा १ टक्का. दोन्हींत "नियमितपणे" हा शब्द आहे, आणि नियमितपणा सिद्ध करायला लागतात त्या अशाच कंटाळवाण्या वह्या.

जपून

पहाटे उसाच्या कडेनं एकट्यानं चालू नका. निफाडच्या उसात बिबट्या राहतो ही अफवा नाही. दोघं असा, बोलत चाला, गावातल्या वाटाड्याला सोबत घ्या. त्याला वाटही माहीत असते आणि आदल्या दिवशी कुठे काय बसलं होतं तेही. गाळावर पाऊल टाकायच्या आधी काठी टाका. वरून वाळलेला गाळ आतून खिरीसारखा असतो. होडीनं आत जायचं किंवा ड्रोन उडवायचा तर वनखात्याची परवानगी हवी, आणि मोजणीसाठी यांतलं काहीच लागत नाही. पावसाळ्यात घरट्यांचा ठावठिकाणा, फोटो, नकाशावरचा बिंदू बाहेर टाकू नका. वहीत लिहा, तिथेच राहू द्या.

वही पुढे देताना

गुडघे एक दिवस मनोऱ्याच्या शिड्यांना नकार देतील. त्याच्या बरंच आधी दुसरा माणूस तयार करा. एक पूर्ण हंगाम दोघांनी एकाच बिंदूवर, शेजारी-शेजारी उभं राहून, एकमेकांना आकडा न सांगता मोजा आणि मग वह्या पडताळा. मी हे गेल्या दोन हिवाळ्यांत चापडगावच्याच एका मुलीबरोबर केलं. बगळे, बलाक, चमचे यांत आमचे आकडे जवळपास सारखे. वारकऱ्यांत मात्र ती प्रत्येक वेळी माझ्यापेक्षा पुढे. "सर, तुम्ही कडेचे सोडताय," असं तिसऱ्या फेरीला म्हणाली. स्कोप तिच्याकडून घेऊन बघितलं. पाणकणसाच्या सावलीत, थव्यापासून हातभर लांब, वीस-पंचवीस काळे ठिपके होते. आमच्या दोघांच्या आकड्यांचं गुणोत्तर आता वहीच्या पहिल्या पानावर, पक्ष्यांच्या नावांच्या खाली लिहिलेलं आहे, आणि त्याच्या खाली तारीख.